वाट राखणारी माणसं : अपालाचियन ट्रेलची शंभर वर्षं

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना जिथे गाडी भरकटली तिथे थोडी रुळावर आणली आहे. बाकी जसं बोललो तसंच.)

हेडफोन नीट बसवा, आज बरंच चालायचंय.

मी दोन वर्षं ऑनसाइट होतो, न्यू जर्सीत. तिथल्या मराठी मंडळाची उन्हाळ्यात एक सहल असते. आमची गेली होती बेअर माउंटनला. न्यूयॉर्क शहरापासून गाडीने तासाभरावर, हडसन नदीच्या काठावरचा डोंगर. खाली पोह्यांचं पातेलं, सतरंज्या, नुकतेच भारतातून आलेले कुणाचे तरी आईबाबा, असा सगळा थाट. आम्ही चार-पाच जण म्हटलं, पोहे जिरवून येऊ, आणि वर निघालो. थोडं चढलो तर ग्रॅनाइटच्या पायऱ्या लागल्या. एक वळण, दुसरं वळण, संपतच नाहीत. दगडाला दगड असा चपखल बसवलेला की आमच्यातले एक काका गुडघ्यावर हात ठेवून थांबले आणि म्हणाले, "हे दोनशे वर्षांपूर्वीचं काम आहे बघ. आता असं कुणी करत नाही."

खाली येऊन फोनवर शोधलं. त्या पायऱ्यांचं काम पूर्ण झालं २०१८ मध्ये. म्हणजे मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो तेव्हा. हजारावर पायऱ्या, एकेक दगड काहीशे किलोंचा, डोंगरातच फोडून, तारेच्या दोरावरून झुलवत आणून बसवलेला. दगड फोडायची पद्धत मात्र काकांच्या अंदाजाहूनही जुनी. ओळीने भोकं पाडायची, त्यात पाचरी ठोकायच्या आणि दगड आपणहून दुभंगेपर्यंत आळीपाळीने हाणत राहायचं. आपल्याकडे गडांवर कातळात अशी ओळीने पाडलेली भोकं दिसतात ना, पाथरवटांनी अर्धवट सोडलेली? तीच ही रीत.

पण गंमत पुढे आहे. ज्या वाटेवर या पायऱ्या आहेत, ती अमेरिकेतल्या सर्वांत प्रसिद्ध पायवाटेचा, अपालाचियन ट्रेलचा, सर्वांत पहिला तुकडा आहे. तो उघडला ऑक्टोबर १९२३ मध्ये. मग तयार वाटेवर नव्वद-पंचाण्णव वर्षांनी पायऱ्या घालायची वेळ का आली?

तर आजचा एपिसोड हा. वाट तयार कशी होते, यापेक्षा ती टिकते कशी, याचा.

आधी आकार डोळ्यांसमोर आणू. दक्षिणेला जॉर्जिया राज्यातला स्प्रिंगर माउंटन, उत्तरेला मेन राज्यातला कटाडिन. मध्ये १४ राज्यं आणि सुमारे ३,५०० किलोमीटर. कन्याकुमारीहून श्रीनगरला रस्त्याने जायला जेवढं अंतर पडतं, साधारण तेवढं, पण डोंगराच्या धारेवरून आणि पायी. सबंध वाटेवर झाडांवर पांढऱ्या रंगाचे पट्टे मारलेले, २ इंच रुंद, ६ इंच उंच. एकावर एक दोन पट्टे दिसले की समजायचं, पुढे वळण आहे, लक्ष ठेव. आपल्याकडे दगडावर मारलेले बाण असतात तसंच, फक्त तिथे ते कुणीतरी दर काही वर्षांनी पुन्हा रंगवतं. हा 'कुणीतरी' कोण, तिकडे येतोच.

कल्पना एका माणसाची. बेंटन मकाय. शिकलेला हार्वर्डला, पेशाने वनाधिकारी, स्वभावाने स्वप्नाळू. बायको जेसी, स्त्रियांच्या मताधिकारासाठी झुंजलेली कार्यकर्ती. एप्रिल १९२१ मध्ये तिने न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये जीव दिला. मकाय मोडून पडला. एका संपादक मित्राने त्याला न्यू जर्सीतल्या आपल्या शेतावर नेलं आणि म्हटलं, इथे राहा, लिही. त्या उन्हाळ्यात त्याने जे लिहिलं ते ऑक्टोबर १९२१ मध्ये वास्तुविशारदांच्या संघटनेच्या मासिकात छापून आलं. एका पायवाटेचा प्रस्ताव वास्तुविशारदांच्या मासिकात! पण त्यालाही कारण होतं. मकायला नुसती वाट नको होती. शहरांत आणि कारखान्यांत पिचलेल्या माणसांना श्वास घ्यायला डोंगरात जागा हवी, तिथे लोकांनी मिळून चालवलेली शिबिरं हवीत, सहकारी शेती हवी, आणि त्यातून कुणी नफा काढायचा नाही, असा तो सगळा आराखडा होता. पायवाट म्हणजे माळेतला दोरा, मणी पुढे ओवायचे.

मणी कधी ओवलेच गेले नाहीत. दोरा तेवढा झाला. माझ्यासारख्याला हे फार ओळखीचं वाटतं. प्रॉडक्टच्या पहिल्या डॉक्युमेंटमध्ये बारा फीचर असतात आणि रिलीज होतं ते लॉगिनचं पान. पण तो दोरा तरी कुणी वळला?

सुरुवात न्यूयॉर्कच्या हौशी डोंगरवाल्यांनी केली. रेमंड टोरी नावाचा पत्रकार वर्तमानपत्रात भटकंतीचं सदर लिहायचा, त्याने वाचकांनाच कुऱ्हाडी-कोयत्यांसकट बोलावलं. बेअर माउंटनचा तुकडा तयार झाला. १९२५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये परिषद भरली, संस्था स्थापन झाली, भाषणं झाली. आणि नंतर काम थंडावलं. पुढची दोन-तीन वर्षं ट्रेल बहुतांशी कागदावरच राहिला.

मग आला मायरन एव्हरी.

एव्हरी म्हणजे मकायच्या बरोबर उलटा माणूस. जन्म १८९९, मेनच्या समुद्रकाठच्या एका टोकाच्या गावातला. सागरी कायद्याचा वकील, वॉशिंग्टनला सरकारी नोकरी. दिवसा नोकरी, रात्री पत्रं, शनिवार-रविवार डोंगर. १९२७ मध्ये त्याने वॉशिंग्टनमध्ये एक क्लब काढला आणि १९३१ पासून १९५२ पर्यंत तो सबंध ट्रेलच्या संस्थेचा अध्यक्ष होता. त्याची खूण म्हणजे सायकलचं एक चाक. चाकाला अंतर मोजायचं मीटर, धरायला दांडा. ते चाक ढकलत त्याने ट्रेलचा इंच न् इंच मोजला. कुठे फाटा फुटतो, पाणी कुठे आहे, मोजून वहीत टिपायचा आणि त्याची मार्गदर्शिका छापायचा. १९३३ मध्ये कटाडिनच्या माथ्यावर काढलेला त्याचा फोटो आहे, आणि त्यातही चाक आहेच. १९३६ पर्यंत सगळा ट्रेल तुकड्यातुकड्याने चालून झालेला तो पहिला माणूस ठरला.

वागायला मात्र कडक. त्याच्या पत्रांचा धाक असायचा. पण त्याने एक गोष्ट ओळखली होती, जी स्वप्नाळू माणसाला सहसा दिसत नाही. डोंगरात वाट एकदा कापून भागत नाही. एका उन्हाळ्यात झुडुपं बुजवतात, एका वादळात झाडं आडवी पडतात. म्हणून तो गावोगावी जाऊन क्लब उभे करत सुटला. हा पट्टा तुमचा, हा त्यांचा. क्लबने आपल्या पट्ट्याचे आणखी तुकडे करायचे आणि एकेक तुकडा एकेका माणसाच्या नावावर लावायचा. त्या माणसाने वर्षातून दोन-चारदा जायचं, झाडी छाटायची, पट्टे रंगवायचे, पाण्याचे चर मोकळे करायचे. ही व्यवस्था आजही तशीच आहे. ओपन सोर्सवाल्यांना वेगळं सांगायला नको. कोड लिहिणारे पुष्कळ, मेंटेनर शोधून सापडत नाही. एव्हरीने आधी मेंटेनर शोधले.

मेन राज्याचं काय झालं ते सांगण्यासारखं आहे. ते जंगल इतकं दाट आणि निर्मनुष्य होतं की बऱ्याच जणांचं मत पडलं, ट्रेल अलीकडे माउंट वॉशिंग्टनलाच संपवू या. मकायच्या मूळ लेखातही उत्तरेचं टोक तेच होतं. एव्हरी ऐकेना. माहेर पडलं ना! त्याने शिकारीवर नजर ठेवणारे वॉर्डन गाठले. ब्रॉडवेवर नाटकात काम करणारा आणि उन्हाळ्यात मेनमध्ये वाटाड्या होणारा वॉल्टर ग्रीन म्हणून एक नट होता, त्याला गाठलं. आणि वाट कटाडिनपर्यंत नेलीच.

या सगळ्यात सरकारी हातही मोठा होता. महामंदीत रूझवेल्टने १९३३ मध्ये बेकार तरुणांसाठी एक योजना काढली, सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर. महिना ३० डॉलर पगार, त्यातले बहुधा २५ थेट घरी जायचे. नऊ वर्षांत तीसेक लाख पोरं या शिबिरांतून गेली. झाडं लावली, रस्ते केले, पायवाटा बांधल्या. गोऱ्या आणि काळ्या पोरांची शिबिरं मात्र वेगवेगळी, हेही सांगायला हवं. अपालाचियन ट्रेलचा शेवटचा राहिलेला तुकडा, मेनमधल्या स्पॉल्डिंग आणि शुगरलोफ या डोंगरांमधला, या पोरांच्याच एका टोळीने १४ ऑगस्ट १९३७ ला पूर्ण केला. ना फीत, ना नारळ. काम झालं, पोरं तळावर परतली.

त्याआधी दोन वर्षं मकाय आणि एव्हरीचं फाटलं होतं. कारण एक रस्ता. व्हर्जिनियात शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यान होत होतं आणि डोंगराच्या ऐन धारेवरून, जिथून ट्रेल जात होता तिथूनच, मोटारींसाठी स्कायलाइन ड्राइव्ह बांधला जात होता. मकाय म्हणाला, मोटारीपासून पळायलाच तर ही वाट होती. रस्ता नको, भांडा. एव्हरी म्हणाला, सरकारशी भांडलो तर ट्रेल अर्धवट राहील. ट्रेल बाजूला सरकवू, ती सरकारी पोरं नवी वाट बांधून देतील, आणि ती आमच्यापेक्षा चांगली बांधतील. १९३५ च्या परिषदेत एव्हरीची बाजू वर राहिली. दोघांचं बोलणं-लिहिणं तुटलं ते कायमचं. मकाय त्याच वर्षी काही मित्रांबरोबर वाइल्डरनेस सोसायटी स्थापन करून रानाच्या लढाईत गेला.

कोण बरोबर? मी बराच काळ एव्हरीच्या बाजूने होतो. इंजिनिअर आहे, जमिनीवर उतरलेली गोष्ट मला आवडते. शेनान्डोआत पोरांनी रचलेल्या दगडी ताली अजून उभ्या आहेत, वाट त्यांच्या खांद्यावर बसल्यासारखी जाते. पण या दोघांच्या भांडणात तिसरी बाजू कुणी मांडतच नाही. त्या उद्यानासाठी सुमारे ५०० कुटुंबं डोंगरातून उठवली गेली. मकई पेरणारी, सफरचंदाच्या बागा असलेली, पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली माणसं. रानाला 'निर्मनुष्य' दिसायचं होतं, म्हणून माणसं हलवली. आज ट्रेलवरून जाताना मध्येच रानात चुलीची चिमणी उभी दिसते, किंवा सात-आठ दगडांची छोटी दफनभूमी. आणि त्यांच्याही शंभर वर्षं आधी दक्षिणेकडच्या याच डोंगरांतून चेरोकी लोकांना बंदुकीच्या धाकाने हाकललं होतं. म्हणजे 'मळलेली वाट' पहिल्यांदा कुणी मळली, हा प्रश्न काढला की नकाशावरची सगळी नावं जरा अवघडतात.

असो. १९३७ ला ट्रेल पूर्ण झाला. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९३८ मध्ये, न्यू इंग्लंडवर चक्रीवादळ आलं आणि उत्तरेकडच्या वाटेवर झाडांचा खच पडला. दक्षिणेला आणखी एका डोंगरी रस्त्याने, ब्लू रिज पार्कवेने, शेकडो किलोमीटर वाट गिळली. मग दुसरं महायुद्ध. क्लबातली पोरं आघाडीवर, पेट्रोलचं रेशनिंग, डोंगरात जायचं कुणी? पाच-सहा वर्षांत वाट रानाने परत घेतली.

१९४८ मध्ये अर्ल शेफर हा युद्धावरून परतलेला जवान या मोडलेल्या वाटेने निघाला. जिवलग मित्र इवो जिमाच्या लढाईत गेलेला, डोकं ठिकाणावर नाही. एप्रिलमध्ये जॉर्जियातून निघाला आणि ऑगस्टमध्ये कटाडिनला पोचला. १२४ दिवस. एका दमात सबंध ट्रेल चाललेला पहिला माणूस म्हणून त्याची नोंद झाली. पण आधी संस्थेतल्या लोकांचा विश्वासच बसेना. त्यांनी वही बघितली, स्लाइड बघितल्या, उलटतपासणी घेतली, तेव्हा कुठे मान्य केलं. आणि त्याच्याकडूनच त्यांना कळलं की आपली वाट कुठे कुठे बुजली आहे!

त्याहून मोठी तपासनीस म्हणजे एमा गेटवुड. वय ६७, अकरा मुलांची आई, नवऱ्याचा मार खात संसार काढलेली ओहायोची बाई. एका मासिकात ट्रेलवरचा लेख वाचला, सुंदर फोटो, सोपी वाट. १९५५ मध्ये ती घरी धड न सांगता निघाली. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली पिशवी, पावसासाठी बाथरूमचा प्लास्टिकचा पडदा. जॉर्जिया ते मेन एकटीने. वर्तमानपत्रवाले मागे लागले तेव्हा तिने कौतुकाची फुलं उधळली नाहीत. ही वाट नाहीच, दगड-काट्यांचा छळ आहे, अशा अर्थाचं स्पष्ट सांगितलं. निवारे मोडलेले, खुणा गायब, पडलेली झाडं तशीच. देशभर छापून आल्यावर क्लबांना लाज वाटली आणि हातात कोयते आले. इतका परिणामकारक बग रिपोर्ट मी आयुष्यात पाहिलेला नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. ट्रेलचा बराच भाग खासगी जमिनींतून, नुसत्या तोंडी परवानगीवर जात होता. म्हातारा मालक 'जा की बाबांनो' म्हणायचा, त्याचा मुलगा बंगल्यांचे प्लॉट पाडायचा, की वाट डांबरी रस्त्यावर ढकलली जायची. १९६८ मध्ये राष्ट्रीय पायवाटांचा कायदा झाला, १९७८ मध्ये जमीन घ्यायला ९ कोटी डॉलरची तरतूद झाली. काही ठिकाणी शेतकऱ्यांनी कडाडून विरोधही केला, विशेषतः पेनसिल्व्हेनियातल्या एका खोऱ्यात. आणि १९८४ मध्ये अमेरिकेच्या सरकारने एक विलक्षण गोष्ट केली. जमीन आपल्या नावावर ठेवली आणि राखण करारपत्राने स्वयंसेवकांच्या संस्थेकडे दिली. एव्हरीने उभी केलेली क्लबांची साखळी तोवर टिकली होती म्हणून हे शक्य झालं. तो हे बघायला नव्हता, १९५२ मध्येच बावन्नाव्या वर्षी गेला. मकाय मात्र ९६ वर्षं जगला, १९६८ चा कायदा त्याने पाहिला.

आता माझ्या आवडीचा भाग. पाणी.

त्या सहलीनंतर मी पुढच्या हंगामात शनिवारी-रविवारी तिथल्या एका टोळीबरोबर कामाला जायला लागलो. टोळीची म्होरकी सत्तरीची, निवृत्त शिक्षिका. हातात एक अवजार दिलं, एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं आडवं पातं. नाव पुलास्की. एड पुलास्की नावाच्या वनरक्षकावरून पडलेलं, १९१० च्या भयंकर वणव्यात आपल्या माणसांना खाणीच्या बोगद्यात नेऊन वाचवणारा तो हाच. दुसरं अवजार आपल्या दाताळ्यासारखं, पण पाठीमागून फावड्यासारखं धारदार. मी जोशात खणायला लागलो. बाईंनी थांबवलं आणि म्हणाल्या, "आधी इथे उभा राहा आणि पाणी हो. मग सांग, कुठे जाशील?"

विचार केला, आणि खरंच डोक्यात प्रकाश पडला. हजारो पाय एका जागी पडले की माती घट्ट होते, गवत मरतं, मुळं उघडी पडतात. पाणी मुरायचं थांबतं आणि वाहायला लागतं. वाट म्हणजे आयता पाट. उतार जितका तीव्र तितका पाण्याला वेग, वेग तितकी माती जाते. दोन-चार पावसाळ्यांत वाटेची घळ होते. घळीत दगड सुटे होतात, मग लोक कडेने चालतात, कडाही झिजते, आणि सहा फुटांची वाट तीस फूट रुंद होते. 'वाट लागणे' म्हणजे काय ते मी तिथे पाहिलं.

यावर उपाय साधे आहेत, पण मेहनतीचे. वाट उताराला सरळ भिडवायची नाही, आडवी न्यायची. डोंगराचा जेवढा उतार, त्याच्या निम्म्याहून वाटेचा उतार कमी ठेवायचा, आणि सरासरी शंभर फुटांना दहा फुटांच्या आसपास चढ. वाटेचा पृष्ठभाग दरीकडे किंचित कलता, म्हणजे पाणी आडवं निसटतं. मध्येमध्ये वाटेला मुद्दाम खळगा द्यायचा. जिथे चढ टाळता येत नाही तिथे दगडांची तिरपी ओळ पुरायची, पाण्याला बाहेरचा रस्ता दाखवणारी. त्याहून तीव्र चढ असेल तर पायऱ्या, दुसरा इलाज नाही. आणि पानगळीत हे सगळे चर पानांनी आणि गाळाने भरतात, म्हणून दरवर्षी कुणीतरी येऊन ते उपसायचे. बहुतेक काम हेच आहे. काही राखीव रानांमध्ये तर १९६४ च्या कायद्याने यंत्राची करवतही चालत नाही. आडवं पडलेलं झाड दोघांनी दोन बाजूंना धरून हातकरवतीने कापायचं.

आता बेअर माउंटनच्या पायऱ्यांचं कोडं सुटतं. १९२०-३० च्या घाईत वाटा सरळ धारेवरून, जुन्या लाकूडतोड्यांच्या वाटांवरून काढल्या होत्या. तेव्हा चालणारेही कमी होते. पुढे शहराच्या उशाशी असलेल्या त्या डोंगरावर लाखो पाय आले आणि मातीच उरली नाही. इंजिनिअर लोक, याला आपल्याकडे टेक्निकल डेट म्हणतात. तिथे ते ग्रॅनाइटमध्ये फेडलं. आज ट्रेलचा बहुतेक भाग मूळ जागेवर नाहीच. हलवलेला, पुन्हा बांधलेला आहे. नाव तेच, वाट नवी.

आणि ते अजून चालूच आहे. वर्षाला काही हजार स्वयंसेवक, तीसेक क्लब. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने दक्षिणेकडे शेकडो किलोमीटर वाट झाडांखाली गाडली. टेनेसीत नोलिचकी नदीवरचा ट्रेलचा पूल वाहून गेला. पुढच्या हंगामात चालणाऱ्यांना होडीतून पलीकडे सोडत होते.

एक कबुली द्यायची राहिली. भारतात परत आल्यावर मला हे शहाणपण उतू जात होतं. भोर तालुक्यातल्या एका घाटवाटेवर आम्ही नेहमी जातो. वर धनगरांची तीन घरं आहेत. तिथल्या नागमोडी वळणांना छेद देत, कोपरे कापत, धावत उतरणाऱ्यांत मीही होतो. रील काढायचो. त्या कोपऱ्यांच्या आता घळी झाल्या आहेत. मे महिन्यात वनखात्याच्या माणसाला विचारून आम्ही सहा जण दोन दिवस राबलो. दगडांच्या सात तिरप्या ओळी पुरल्या, अगदी बाईंनी शिकवल्या तशा. मोठ्या अभिमानाने फोटो टाकले.

जुलैत जाऊन बघितलं तर पाच गेल्या होत्या. सह्याद्रीचा पाऊस न्यूयॉर्कच्या हिशोबात बसत नाही, हे मला, जन्मभर इथल्या पावसात भिजलेल्याला, सुचलं नव्हतं. आमचे दगड लहान होते, कोन चुकला होता, पाणी वरून उडी मारून गेलं होतं.

वरच्या घरातले मामा घोंगडी पांघरून बघत उभे होते. मी विचारलं, "मामा, आमच्या आधी ही वाट कोण राखायचं?"

"आमीच की पाव्हणं. म्हशी जात्यात ना. मिरगाच्या आदी चर काढतो."

"मग या वर्षी?"

"तुमी केलं म्हनलासा. म्हनून न्हाई काडलं."

मग त्यांनी दाखवलं. आमच्या ओळींच्या बरंच वर, जिथून पाणी वाटेवर येतं तिथेच, एक जुना चर होता. पालापाचोळ्याने भरलेला, मला दोन वेळा ओलांडूनही न दिसलेला. पाणी वाटेवर आल्यावर हाकलायचं नाही, येऊच द्यायचं नाही. पावसातच फावडं आणलं त्यांनी. मी घमेलं घेतलं. तासाभरात चर मोकळा झाला आणि वाटेवरचा पाट निम्म्याने कमी झाला.

उरलेल्या दोन ओळी अजून आहेत. पुढच्या मे महिन्यात परत जाणार आहोत. या वेळी खणायच्या आधी मामांना विचारून. कुणाला यायचं असेल तर कळवा. कुदळ, घमेली आमच्याकडे आहेत, पहार एकच आहे, कुणाकडे असेल तर घेऊन या.